दाराआडचे बूट

दूध उतू जायच्या बेतात होतं, नवरा गालावर साबणाचा फेस घेऊन टॉवेल शोधत होता आणि ताई डबा भरता भरता संगणकावरच्या चित्रातल्या एका भिंतीची सावली जरा गडद करून घेत होती. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या काकू होत्या, हातात भाच्याचा मोबाइल.

"हे माझं घर आहे का गं?"

ताईने मोबाइलच्या पडद्यावर नजर टाकली आणि हातातला डबा तसाच खाली ठेवला.

ताई पूर्वी एका फोटो स्टुडिओत जुने फोटो रंगवायची. स्टुडिओ बंद पडला, तरी हात शिवशिवत राहिले. मग तिला कळलं, लहानपणी भावाशी भांडून भांडून खेळलेला एक साहसाचा गेम काही हौशी मंडळी नव्याने बनवताहेत, तेही फुकट. त्यांना खोल्या, गल्ल्या, तळघरं रंगवणारं कुणीतरी हवं होतं. नवरा म्हणाला, भाज लष्कराच्या भाकऱ्या. तिने भाजल्या. पहिली खोली परत आली, कारण नायकाला चालायला जमीनच ठेवली नव्हती. दुसरीत तो दारापेक्षा उंच निघाला. हळूहळू हात बसला.

जुन्या गेममधली चित्रं म्हणजे नुसते ठिपके. कंजूष म्हाताऱ्याच्या खोलीत चार ठिपक्यांचं कपाट, दोन ठिपक्यांची खुर्ची. बाकीचं पदरचं घालायचं. ताईने पदरचं म्हणून काकूंची खोली घातली: दोरीने बांधलेला कपाटाचा खण, तडा गेलेला आरसा आणि दाराआडचे काकांचे बूट. काका जाऊन वर्षं लोटली, पण काकू ते बूट अजून पुसून ठेवतात. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

या गेमात चित्रातल्या वस्तूवर खेळणारा क्लिक करणारच, आणि क्लिक केलं की नायक काहीतरी बोलणारच. संवाद लिहिणाऱ्याला ते बूट कुणाचे हे काय ठाऊक? त्याने नायकाच्या तोंडी घातलं, "मालक पळून गेलेला दिसतोय. या वासात राहणार तरी कोण!"

ताईने ते तेव्हाच वाचलं होतं. वाचून हसलीही होती. मग गेम लोकांच्या हाती गेला, काकूंच्या भाच्याच्याही.

आता दारात उभ्या काकूंकडे तिला मान वर करून बघवेना. चूक झाली, एवढंच कसंबसं पुटपुटली. चित्रातून बूट पुसून टाकते, म्हणाली.

"बूट राहू देत," काकू म्हणाल्या. "छान काढलेस, लेससकट. पण ते पळून गेले नव्हते गं. शेवटपर्यंत माझ्याजवळ होते."

आणि त्या हळूच आपलं दार लावून आत गेल्या. एरवी चहा घेतल्याशिवाय जात नाहीत.

दूध केव्हाच ओट्यावर सांडलं होतं. नवऱ्याने ते पुसलं, एकही टोमणा मारला नाही. त्याचीच तिला जास्त लाज वाटली. तिने संवाद लिहिणाऱ्याला फोन लावला. तो आधी हसला, मग कुरकुरला. लोक तिथेच सगळ्यात जास्त हसतात, म्हणाला. घर शेजारणीचं आहे हे आधी का नाही सांगितलंत?

ताई म्हणाली, "चूक माझीच. पण एवढं करा. त्या बुटांवर कुणी क्लिक केलं, तर नायकाने काही बोलू नये."