अकरा अक्षरांच्या वरचा शब्द

आमचे हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. इंग्रजी म्हणाल तर वाचता येत नव्हतं. पण सव्वीसच्या सव्वीस अक्षरं सुलटी, उलटी, आडवी, कशीही ओळखायचे, कारण लोखंडी ठशावर अक्षर उलटंच असतं. शब्दांचं काम माझ्याकडे. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे घरात इंग्रजीची मालकीण मीच.

दुपारी जेवायला घरी आले की हात धुवायच्या आधी मागणी यायची, "पी, एच आणि वाय असलेला शब्द दे. लांब पाहिजे." मी पोळपाट बाजूला सारून डिक्शनरी उघडायची. नवऱ्याने साडी आणली, दागिना आणला असं बायका सांगतात. आमच्याकडे लग्नानंतर पहिली वस्तू आली ती जुन्या बाजारातली डिक्शनरी, तीही पाठीवर डिंक लावलेली.

त्यांची रीतच तशी होती. एखाद्या अक्षराचा ठसा निखळला की तो मशीनमधल्या त्याच्या काडीवर पुन्हा डाख देऊन बसवायचा. बाकीचे कारागीर तेच अक्षर दहादा वाजवून मशीन परत करायचे. ह्यांना ते पटत नसे. म्हणायचे, "एकटं अक्षर सरळच दिसतं गं. चार जणांत बसवलं की कळतं, वर आलंय का खाली गेलंय." आणि शब्द अकरा अक्षरांच्या वरचा हवा, कारण मशीन उडी मारणार, म्हणजे मध्येच जागा सोडणार असेल तर ते दहाव्या-अकराव्या अक्षरावर मारतं. आपण पाच अक्षरांवर खूश होऊन उठलो तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात.

पी, एच, वायला मी फिजिओथेरपी दिला. जेला ज्युरिस्डिक्शन. क्यू आणि झेड एकत्र मागितले तेव्हा माझ्या नाकी नऊ आले, दोन दिवस भाजीला मीठ पडत नव्हतं, शेवटी इक्वलायझेशन सापडला. सगळे मी वहीत लिहून ठेवले आणि ह्यांनी अक्षर-अक्षर करून पाठ केले. अर्थ कधी विचारला नाही. एकदाच विचारला, ॲक्नॉलेजमेंटचा. मी म्हटलं, "पोच." तर म्हणाले, "पंधरा अक्षरं, आणि अर्थ काय, तर पोच! या लोकांना वेळ फार." मी हसून हसून बेजार झाले.

पन्नाशीनंतर मला दुकानात यायचा आग्रह सुरू झाला. "बस जरा, बघ सरळ आलंय का." मला वाटलं, माझी किंमत कळली, आणि मी फुशारले. खरं काय ते डॉक्टरांकडे कळलं. डोळ्यांच्या आतला पडदा खराब झाला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली हळूहळू जाणार होती.

"कुणाला सांगायचं नाही," हे म्हणाले. "आंधळ्याकडे मशीन कोण देईल?"

मग आम्ही दोघं मिळून एक कारागीर झालो. खटका कुठे अडतो ते हे कानाने आणि बोटाने ओळखायचे, ओळ सरळ आहे का ते मी सांगायची. लोकांना वाटायचं, बाई डबा घेऊन येतात आणि गप्पा मारत बसतात. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

टायपिंग क्लासच्या बाईंची परीक्षेची तीस मशीनं दरवर्षी आमच्याकडूनच तपासून जायची. त्या वर्षी दोन दिवस आम्ही क्लासात ठाण मांडून होतो. शेवटच्या मशीनला व्ही नवा बसवला होता. "व्ही, जी, टी," हे म्हणाले. मी व्हेजिटेबल दिला. "नऊच अक्षरं? नको." नेव्हिगेटर दिला. "हाही नऊच." माझी पाठ मोडली होती, डोकं तापलं होतं. इन्व्हेस्टिगेशन म्हणून मी शब्द अंगावर फेकल्यासारखा दिला. ह्यांनी तो चारदा वाजवला आणि विचारलं, "सरळ आहे?"

"सरळ आहे हो, किती विचाराल!" मी म्हटलं. तेव्हा मी पिशवी भरत होते. कागदाकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या बाईंचा निरोप आला, ताबडतोब या. परीक्षा संपली होती. एक परीक्षार्थी बाई कोपऱ्यात रडत उभी होती. माझ्याच वयाची असेल. नवऱ्याच्या जागी मिळालेली नोकरी पक्की होण्यासाठी तिला दिलेली ही शेवटची संधी होती. तिच्या कागदावर प्रत्येक व्ही ओळीच्या वर चढून बसला होता, आणि परीक्षकांनी प्रत्येकाखाली लाल रेघ मारली होती. परीक्षक म्हणाले, "मशीन तपासून मिळालेलं आहे. मग चूक हिच्या हाताची."

मी पुढे होऊन बोलणार, एवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं आणि स्वतः पुढे झाले.

"साहेब, मशीन मी तपासलं. मला दोन वर्षं अक्षर दिसत नाही."

क्लासच्या बाई म्हणाल्या, "काय बोलताय तुम्ही?"

"खरं बोलतोय. कोरा कागद लावा." हे चाचपत त्या मशीनवर बसले आणि इन्व्हेस्टिगेशन चारदा वाजवला. मान वर, नजर भिंतीकडे. परीक्षकांनी कागद ओढून पाहिला. चारही व्ही वर चढलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, मग त्या बाईला म्हणाले, "दुसऱ्या मशीनवर बसा. पहिल्यापासून." ती डोळे पुसत धावलीच.

क्लासच्या बाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. वाईट बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षाचं आपण नंतर बघू, एवढंच म्हणाल्या, आणि आम्हाला दोघांनाही ते कळलं.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "चूक माझी होती. मी बघितलंच नव्हतं. मला का बोलू दिलं नाहीत?"

"मला माहीत आहे तू बघितलं नव्हतंस. पिशवीची चेन ऐकू आली होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मीही दमलो होतो गं. वाटलं, असेल सरळ."

मला रडू फुटलं. दोन वर्षं हे रस्त्यावर माझ्या दोन पावलं पुढे चालायचे. दुकानापर्यंतच्या पायऱ्या, खड्डे, वळणं सगळं मोजून ठेवलेलं, कुणाला संशय येऊ नये म्हणून. त्या दिवशी चौकात आल्यावर ते थांबले, आणि सगळा बाजार बघत असताना त्यांनी माझा दंड धरला.

"चल," म्हणाले, "आता मोजायला नको."