मुकादमाचा दहावा

दत्तगुरू, आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं, आणि अक्षर तर कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. तोंडाने सांगायला मला जमत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आमचा कुत्रा गेला तेव्हापासून मी तुमच्याशी बोलत नव्हते. दिवा लावायचे, पण हात न जोडता. सकाळी नळावर तो माझ्या मागे रांगेत उभा होता. हंडा भरून वळले, तर आडवा पडलेला. ना आजारपण, ना काही. त्या दिवशी तसबिरीसमोर मनात म्हणाले, तुमच्या पायाशी चार कुत्री आहेत, पाचवं हवंच होतं का? आमच्याकडे एकच होतं.

त्याचं नाव मुकादम. नाव माझ्या सासऱ्यांनी, आबांनी ठेवलेलं. तीस वर्षं गिरणीत मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, आता एक तरी मुकादम माझं ऐकेल, असं म्हणायचे. गिरणी बंद पडल्यापासून आबा भांडुपच्या आमच्या चाळीत ओट्यावर बसून असायचे. घरात कोणाशी बोलत नसत, त्याच्याशी मात्र दिवसभर बोलत. तो गेला आणि आबांचं जेवणच तुटलं. चहा आणि अर्धा पाव, बस. सदरा अंगावर लोंबायला लागला. मला रोज वाटायचं, आता आबाही जातात.

नवव्या दिवशी आबा म्हणाले, "उद्या त्याचो दहावो करूचो."

हे म्हणाले, "आबा, कुत्र्याचा दहावा कोण करतं? लोक हसतील."

"हसांदेत. तुझ्यापेक्षा तो माझ्याकडे जास्त बसलो. आणि कावळो शिवलो नाय, तर मी जेवचंय नाय."

मी भात केला, वर सुका बोंबील भाजून ठेवला, त्याच्या आवडीचा. ह्यांनी पान ओट्यासमोरच्या भिंतीवर ठेवलं. आबा नवं धोतर नेसून उभे राहिले. चाळ जमली. कावळा एक नाही. दहा वाजले, अकरा वाजले. आबांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नव्हता. बसा म्हटलं तर बसेनात.

शेजारची कमल माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, जन्मभर त्याने कावळ्यांना पळवलं. ते कशाला येतील त्याच्या दहाव्याला?"

माणसाची इच्छा अडकली की कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक वचन देतात. तसं सुरू झालं. हे घसा खाकरून म्हणाले, "मुकादमा, तुझा पट्टा दुसऱ्या कुत्र्याला घालणार नाही." काही नाही. कमल म्हणाली, "माझ्या दोन चपला खाल्ल्यास, त्या माफ." तरी काही नाही. कोणीतरी तिसऱ्या चपलेची आठवण करून दिली. तिने तीही माफ केली, पण जरा नाखुशीने.

त्याचं काय अडकलंय ते मला माहीत होतं.

महिन्यापूर्वी कोळीण मावशीने पाटी आमच्या दारात उतरवली. मी भांडं आणायला आत वळले तेवढ्यात मुकादमाने पापलेटची जोडी उचलली. चाळीस रुपयांची. ह्यांनी आधीच बजावलं होतं, आणखी एक चोरी केली की त्याला आरे कॉलनीत सोडून येईन. म्हणून मी मावशीला म्हटलं, ओरडू नको, पैसे मी देते. दिले मात्र नाहीत. होते कुठे? मग दर बुधवारी तिची हाक आली की मी दार लावून आत बसायची, आणि मुकादमही माझ्याजवळ गुपचूप बसायचा. चोर दोघंही.

आबांकडे बघितलं. त्यांनी भिंतीला हात टेकला होता. सासऱ्यांसमोर मी कधी मान वर केली नव्हती, आणि इथे सगळी चाळ. मनात म्हटलं, दत्तगुरू, मी रागावले आहे, पण आता तुम्हीच माझ्याकडून वदवून घ्या. डोळे मिटले आणि म्हणाले, "मुकादमा, तू खाल्लेल्या पापलेटचे चाळीस रुपये मी फेडीन."

हे माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात चढावरून हाक आली. बुधवार होता. डोक्यावर पाटी घेऊन मावशी वर येत होती, आणि तिच्या मागे नेहमीसारखे सात-आठ कावळे. त्यातला एक भिंतीवर उतरला, त्याने मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं, आणि बोंबील उचलला.

कमल म्हणाली, "आबा, हे तर पाटीमागून आले."

"कोणाच्याय मागसून येवंदेत. इलो मां?" आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सूनबाई, वाढ गो."

दोनदा भात घेतला त्यांनी. मी दाराआड उभी राहून रडले. तुम्ही कावळा धाडलात की मावशी, मी विचारणार नाही. मी दहा दिवस तोंड मिटून होते, ते उघडलं तेव्हाच वाट झाली, एवढंच मला कळलं. दिवा लावताना आता हात जोडते. तसबिरीतली कुत्रीही मोजते. अजून चारच आहेत.

ह्यांनी पैसे देऊ केले, मी नको म्हटलं. वचन माझं होतं. आठवड्याला एका साडीला फॉल लावला, की चार रुपये. दर बुधवारी ते मी मावशीच्या हातावर ठेवत गेले, दार उघडं ठेवून. आज दहावा बुधवार. आबा काठी टेकत माझ्याबरोबर ओट्यावरून खाली उतरले, शेवटचे चार रुपये माझ्याकडून मागून घेतले आणि स्वतः तिला दिले.

"मुकादमाचो हिशेब मिटलो मां?"

"मिटला, बाबा." मावशीने पैसे कपाळाला लावले. तिची सकाळची भवानी होती.