नऊपैकी सात
विसरलेल्या डब्यातल्या दहीभाताचा आंबूस वास आला आणि मला तंजावूरची ती अन्न प्रयोगशाळा आठवली. एम.एस्सी.च्या सुट्टीत तिथे माझं काम एकच, अंतराळवीरांसाठी बनवलेलं जेवण चाखून गुण द्यायचे. त्या रणरणत्या दुपारी, टिकतं का ते पाहायला तीन महिने मुद्दाम गरम कपाटात ठेवलेलं दहीभाताचं पाकीट फोडलं. घास बुळबुळीत, कडवट लागला. मी तो बेसिनमध्ये थुंकले. वहीत नऊपैकी एक लिहिणार, तोच प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "परवाइल्ले मा, असू दे, सात लिही. वर अंतराळात नाकं चोंदलेली असतात, वास कुणाला येणार?" मी वळणदार सात लिहिला. मला थुंकायला बेसिन तरी होतं. वर ते खाणाऱ्याला तेही नसेल. आज डबा घासतेय, आणि शिसारी येतेय ती माझ्याच हाताची.