काळी-पिवळीची लाल रेघ

खाली ट्यूशन क्लास आणि वर बिऱ्हाड अशी घरं अमरावतीच्या राजापेठेत पुष्कळ आहेत. त्यातल्याच एका घराच्या वरच्या खोलीत श्रावण तायडे गाड्या बनवतात. खऱ्या नव्हे, तळहातावर मावणाऱ्या. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून जन्म गेला, लोकांच्या शेतांचे बांध मोजता मोजता टाचा झिजल्या. रिटायर झाल्यावर बाकीची माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. हा माणूस औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातून मोटारीच्या काचा कापत बसतो. गल्लीतले म्हणतात, तायडे साहेबांना म्हातारपणी भातुकली सुचली. म्हणोत बापडे. हौसेला मोल नसतं आणि नावं ठेवणाऱ्यांना दुसरं काम नसतं.

या नादात सुख तोळाभर आणि ताप मणभर. तुरीच्या डाळीएवढा आरसा दिवसभर घासून तयार करावा, तो चिमट्यातून उडावा आणि पुन्हा म्हणून दिसू नये. मग टॉर्च घेऊन फरशीवर रांगायचं, आणि रांगून कंबर धरली की बायकोने, साधनाबाईंनी, सांगायचं, की मी आत्ताच झाडून काढलं. गोंद गाडीला लागण्याआधी बोटांना लागतो. उन्हाळ्यात तर विचारू नका. कूलरच्या ओल्या हवेने रंगावर पांढरी साय धरते म्हणून कूलर बंद, पंख्याने धूळ बसते म्हणून पंखा बंद. अमरावतीच्या मे महिन्यात बनियनवर बसून श्वास रोखून रंग मारावा, आणि नाकाच्या शेंड्यावरचा घामाचा थेंब नेमका बॉनेटवर पडावा. त्या वेळी तायडे जे बोलत, ते खालच्या क्लासमधल्या पोरांनी ऐकू नये म्हणून साधनाबाई खिडकी लावून घेत.

पण गाडी एकदाची पुरी झाली, टेबलाच्या कडेवर ठेवली, एक डोळा मिटून दुसरा तिच्या पातळीवर आणला, की ती तळहाताएवढी राहत नसे. वाटे, आता हॉर्न वाजवील आणि निघेल. तेवढ्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप होता. आणि तो क्षण तायड्यांनी आजवर एकट्याने कधीच पाहिला नव्हता. शेजारी दुसरा डोळा मिटून ललित म्हैसने बसलेला असे.

ललित अकोल्याचा. नंबर प्लेटा रंगवायचा आणि ट्रक-जीपवर नावं लिहायचा त्याचा धंदा. तायड्यांची बदली अकोल्याला होती तेव्हा ते स्कूटरची प्लेट रंगवून घ्यायला त्याच्या दुकानी गेले, आणि तिथल्या फळीवर त्यांना पत्र्याचा एक इवलासा ट्रक दिसला. कोणत्या प्रमाणात केला, असं त्यांनी विचारलं. ललित म्हणाला, अंदाजे. हा शब्द भूकरमापकाला शिवीसारखा लागतो. पुढच्या रविवारी तायडे फूटपट्टी घेऊन हजर झाले, आणि तिथून जी गट्टी जमली ती जमली. तायड्यांनी मोजायचं, कापायचं, चिकटवायचं. ललितने रंगवायचं. तायड्यांची बदली होऊन ते अमरावतीला परत आले तरी ललित एक रविवार आड एसटीने मूर्तिजापूरवरून यायचा, पिशवीत ब्रश आणि ज्योत्स्नावहिनींनी दिलेले धपाटे.

काय हात होता त्या माणसाचा! बारीक लांब केसांचा ब्रश लाल रंगात बुडवायचा, करंगळी टेकायची आणि एका श्वासात गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. पेंटर लोक त्याला लाइन मारणं म्हणतात. पट्टी नाही, खूण नाही. तायडे मागून मोजून बघत, आणि रेघ सुरुवातीला जेवढी रुंद तेवढीच शेवटाला भरे. मग ललित विचारी, "निघाली का खोट, मोजणीवाले?" तायडे पट्टी खिशात घालत. त्यांना स्वतःला मात्र हाताने सरळ रेघ ओढता येत नव्हती, पण तशी वेळच आली नव्हती.

दोघांच्या मनात एक गाडी फार वर्षांपासून होती. अकोला-बाळापूर लाइनवर सवाऱ्या वाहणारी काळी-पिवळी जीप. ललितने मिसरूड फुटायच्या वयात पहिलं काम केलं ते तिच्यावर. केशवराव नावाच्या मालकाने जीपच्या काळ्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल रेघ मारायला सांगितली, आणि ती पाहून बाकीचे जीपवाले रांगेने त्याच्याकडे आले. त्या रेघेवर त्याचं दुकान उभं राहिलं. पुढे कॉम्प्युटरवर कापलेली रेडियमची अक्षरं आली आणि दुकान बसलं, ती वेगळी गोष्ट. तर ती जीप करायची करायची म्हणता म्हणता राहून गेली, आणि तेवढ्यात ललितचा हात थरथरायला लागला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ललित ते नाव घेत नसे. "हाताले थंडी वाजून राहिली," म्हणायचा आणि हसायचा. पण चहाचा कप बशीत ठेवताना तो वाजायचा. एका रविवारी तोच म्हणाला, की आता जीप करून टाकू, लाइन मीच मारतो, मंग ब्रश ठेवून देतो. अमरावतीतलं एक छंद मंडळ उन्हाळ्यानंतर प्रदर्शन भरवणार होतं, तिथे ती मांडायची ठरली.

तायड्यांनी जीप जीव ओतून केली. प्रमाण एकास चोवीस. टायर सायकलच्या ट्यूबचे, सायलेन्सर रिफिलचा, टपावरच्या कॅरिअरला तांब्याची तार. मे महिन्यात ललित रेघ मारायला आला. कूलर बंद केला, पंखा बंद केला, आणि तायड्यांना म्हणाला, "तू खाली जाय. तू पाह्यलं का हात जास्त हालते." तायडे दुपारभर क्लासच्या पायरीवर बसून राहिले. ललितने हाक मारली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याचा सदरा अंगाला चिकटला होता, उजवं मनगट डाव्या हाताने धरून धरून लाल झालं होतं, आणि चेहरा असा, की जणू घरात लेकरू जन्मलं आहे. तायडे म्हणाले, मस्त. ललित संध्याकाळच्या गाडीने गेला.

रेघ मस्त नव्हती. सुरुवात चांगली होती, पण ड्रायव्हरच्या दाराशी ती हलली होती, आणि मागच्या चाकावर पुन्हा एकदा. काळ्यावर लाल, लपायला जागाच नाही. तायडे रोज सकाळी ती बघत आणि कापड टाकून ठेवत. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसे त्यांचे डोळे त्या दारापाशी जात. लोक हसतील, ललितला हसतील, हे त्यांच्या मनाने घेतलं. खरं सांगायचं तर जीपखालच्या चिठ्ठीवर त्यांचंही नाव लागणार होतं, आणि जन्मभर बांध सरळ करणाऱ्या माणसाला वाकडी रेघ आपल्या नावाखाली नको होती. ही दोन कारणं एकमेकांत इतकी मिसळली, की त्यांचं त्यांनाच वेगळं करता आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते असं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या बनियनचा तुकडा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि रेघ पुसली. वरून खालून कागदी टेप चिकटवली, मधे लाल रंग भरला, टेप ओढून काढली. अशी सरळ रेघ, की बघत राहावं. लाल झालेला तो तुकडा कचऱ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गर्दी होती. ललित ज्योत्स्नावहिनींना घेऊन आला होता, इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. जीपभोवती माणसं जमली. एक जण म्हणाला, रेघ मशीनची आहे का? तायड्यांनी ललितच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, यांनी मारली, हाताने. लोकांनी वा वा केलं. कुणी ललितचा हात हातात घेतला. तो थरथरतोय हे लक्षात आल्यावर त्या गृहस्थाने दुप्पट कौतुक केलं. अशा हाताने अशी रेघ! ज्योत्स्नावहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

ललित वाकला. जीपच्या पातळीवर डोळा आणला, दुसरा मिटला. तायड्यांना त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. आधी त्यावर आश्चर्य आलं, मग असा आनंद, की तो चेहरा एकदम बाळापूरच्या जीपमागे लटकणाऱ्या पोराचा झाला. त्याला खरंच वाटलं, की आपणच ही मारली. आपल्याला वाटली तेवढी ती हलली नव्हती. मग पेंटरच्या सवयीने त्याने अंगठ्याचं नख रेघेच्या कडेवरून फिरवलं. हाताने मारलेली रेघ कडेला विरत जाते. टेप लावून मारलेल्या रेघेला कडेला रंगाचा बारीक बांध उभा राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, नखाला लागतो.

ललितचं नख अडलं. त्याने पुन्हा फिरवलं. मग तो सरळ झाला आणि लोक पुढच्या टेबलाकडे जाईपर्यंत हात जोडून सगळ्यांचं कौतुक ऐकत राहिला.

"टेप लावली का, तायडे?"

तायड्यांना खोटं बोलता आलं नाही. "लोकं हासले असते," ते म्हणाले.

"हासू द्याचं होतं," ललित म्हणाला. आवाज चढला नाही, काही नाही. "थे माही होती."

एवढंच. नंतर सगळ्यांनी मिळून कचोरी खाल्ली, ललितने साधनाबाईंची चेष्टाही केली. तायड्यांना वाटलं, मिटलं. पण पुढच्या रविवारी ललित आला नाही, पाऊस फार म्हणाला. मग गुडघा धरला, मग चांदूर बाजारला कुणाचं लग्न निघालं. फोनवर नेहमीसारखा बोलायचा, पाऊसपाणी विचारायचा, गाड्यांचा विषय तेवढा निघत नसे. तायडे दर आठवड्याला ठरवत, की अकोल्याला जाऊन पाय धरावेत. आणि दर आठवड्याला त्यांना वाटे, एवढ्याशा रेघेसाठी इतकं काय, पुढच्या रविवारी जाऊ. चूक मोठी आहे हे त्यांना कळत होतं, पण ती बोलून दाखवायला लागणारं तोंड त्यांच्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारांची अशी माळ लागली आणि थंडीत एका सकाळी ज्योत्स्नावहिनींचा फोन आला. ललित झोपेतच गेला होता.

तेरवी झाल्यावर वहिनींनी दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं आणि सामान काढायला तायड्यांना बोलावलं. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या नंबर प्लेटांची चळत होती. भंगारवाला ती उचलत होता, तेव्हा तायड्यांनी त्याला थांबवलं. प्रत्येक प्लेटच्या मागच्या काळ्या बाजूवर एक लाल रेघ होती. खालच्या प्लेटांवरची रेघ सापासारखी वळवळत गेलेली. वर वर येताना ती शांत होत गेली होती.

"हे तुमच्या जीपसाठी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मागचा सारा हिवाळा दुपारी शटर अर्धं पाडून बसत. कोनी पाहू नये म्हनत. हे वरची झाली अन् मले घरी येऊन म्हने, जमलं आता, तायडेकडे जातो."

तायड्यांनी वरची प्लेट हातात घेतली. रेघ सुरुवातीला नीट होती, मधे एकदा हलली होती, शेवटाकडे पुन्हा एकदा. ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. भंगारवाला बिचारा तराजू धरून उभा राहिला. वहिनींना वाटलं, मित्राच्या आठवणीने रडताहेत. त्यांनी पाणी आणून दिलं, आणि वर म्हणाल्या, "त्या दिवशी साऱ्याईनं नाव घेतलं त्यायचं, तुमच्यामुळं झालं थे." जीपवरची रेघ कुणाची, हे ललितने घरी सांगितलंच नव्हतं. तायडेही सांगू शकले नाहीत. तेवढी एक प्लेट मागून घेऊन ते परत आले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ते वरच्या खोलीत बसले. जीपवरची आपली टेपची रेघ त्यांनी घासून काढली, काळ्या रंगाचा हात पुन्हा दिला आणि सुकू दिला. वेडी आशा बघा, घासताना त्यांना वाटत होतं, की खाली कुठे ललितचा लाल रंग उरला असेल. नव्हता. त्यांनीच तो इतका स्वच्छ पुसला होता. मग टेप न लावता, पट्टी न धरता, ललितच्या प्लेटकडे बघत त्यांनी ब्रश टेकवला. हात धडधाकट होता, कसलाही आजार नव्हता. रेघ बोटभर गेली आणि खाली घसरली, सावरायला गेले तर जाड झाली, मागच्या चाकाशी तर तिचा पार ओघळ झाला. ललितच्या प्लेटवरची रेघ तिच्या शेजारी सुतासारखी सरळ दिसत होती.

साधनाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून जीपवर वाकल्या.

"वाकडी झाली हो," त्या हळूच म्हणाल्या. "पुसा न. लोकं हासतीन."

"हासू दे," तायडे म्हणाले, आणि त्यांनी ब्रश धुवायला घेतला.