पाठीचा शेक

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या त्या गल्लीत कुणाच्या पोराची छाती घरघरायला लागली की डॉक्टरच्या आधी मंदाताई भोइट्यांचं दार वाजायचं. मंदाताई काही वैद्य नव्हेत. पण ओवा तव्यावर किती भाजायचा, कधी मऊ फडक्यात बांधायचा आणि ती पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून मग पोराच्या छातीवर कशी ठेवायची, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. काढाही त्यांचाच. अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, सुंठ, तुळस आणि वरून गूळ. पोरं तोंड वाकडं करायची, आया मात्र निमूट वाटी पुढे धरायच्या. मंदाताईंना याचा चांगलाच ताठा होता, आणि का नसावा?

भोइट्यांच्या घरात एक रीत होती. शेक मागायचा नाही. आजाऱ्यानं फक्त खोकायचं; ज्याला ऐकू येईल त्यानं उठून तवा ठेवायचा. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत बजावलं होतं, "आजारी माणसाला तोंडानं मागावं लागलं, तर घरात माणसं कशाला आहेत?" मंदाताईंना ते फार पटलं. नवरा सूर्याजीराव दमेकरी. अडतीस हिवाळे ते खोकले आणि अडतीस हिवाळे त्या उठल्या. छाती ज्याची त्याला शेकता येते, पण कफ खरा सुटतो तो पाठ शेकल्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या जागी आपला हात पोचत नाही.

एकोणचाळिसाव्या हिवाळ्यात मात्र सूर्याजीरावांचा खोकला जवळजवळ थांबला. त्या वर्षी मंदाताईंनी काढ्यात पहिल्यांदाच पिंपळी घातली होती. झालं! पिंपळीचे गुण सांगून सांगून त्यांनी सारी गल्ली हैराण केली. मार्चमध्ये सूर्याजीराव झोपेतच गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. निदान शेवटच्या थंडीत खोकल्यानं छळलं नाही, एवढं एक समाधान मंदाताईंनी जपून ठेवलं होतं.

याला दोन वर्षं होत आली. या जानेवारीत त्यांनाच सर्दी झाली आणि छातीत उतरली. ग्वाल्हेरची थंडी, त्यात धुकं असं की चार दिवस ऊन नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, काळजीचं काही नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्या घेतल्या, काढा घेतला, वाफ घेतली, छाती शेकली. राहिली पाठ. पुरचुंडी गादीवर ठेवून त्या तिच्यावर उताण्या झोपल्या, तर ती घसरून कमरेखाली गेली. भिंतीशी पाठीनं दाबून धरली, तर गाठ सुटून ओवा फरशीभर झाला. सत्तरीच्या बाईनं भिंतीला पाठ घासत उभं राहायचं, हे कुणी पाहिलं असतं तर हसून हसून मेलं असतं. पण पाहायला होतं कोण? ओवा वेचता वेचता त्यांना रडू आलं, आणि रडल्यानं नाक आणखीच चोंदलं.

रविवारी पुण्याहून मुलाचा, यशोधनचा, फोन आला.

"आई, आवाज असा का येतोय?"

"काही नाही रे. थंडी आहे. तू परेशान नको होऊ."

असं म्हणाल्या खऱ्या, पण मग रीतीप्रमाणे एकदा चांगल्या मोठ्यानं खोकल्या. यशोधन म्हणाला, "डॉक्टरला दाखवून घे हं." बिचाऱ्याला खोकला ऐकू आला होता, पण पुण्यातून तो तवा कसा ठेवणार? फोन ठेवल्यावर मंदाताईंना घर फार मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जरासं ऊन पडलं. पाठीला तेवढंच ऊन, म्हणून त्या गच्चीवर गेल्या आणि कोपऱ्यातल्या मोडक्या वेताच्या मोढ्यावर बसल्या. शेजारच्या घरची सून गरिमा मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. तिला सिटी सेंटरच्या बँकेत जायची घाई. मंदाताईंना उबळ आली.

"अरे, आंटी, तुम्ही पण अंकलच्याच जागेवर येऊन खांसता?"

"अंकल? ते कधी खोकत होते इथे?"

गरिमाचा हात दोरीवरच थांबला. "रोज येत होते नं. त्यांची ती लास्टवाली ठंड. तोंडावर शाल दाबून खांसायचे. मी म्हटलं, आंटीला बुलाऊं क्या? तर म्हणाले, नको, तिची बोटं सुजलीत, ऐकलं की लगेच उठेल. तिला वाटतंय पिंपळीनं आराम पडला, तर वाटू दे. मला कसम घातली होती. मग ते गेले, तर मी कशी सांगणार?"

मंदाताईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. सुजली होती खरी त्या वर्षी. म्हणून काय झालं? त्या उठल्या असत्या, हसत उठल्या असत्या! त्यांना सूर्याजीरावांचा भयंकर राग आला. मग त्या रीतीचा आला. आणि मग स्वतःचा, कारण खाली बसून त्या गल्लीला पिंपळीचे गुण ऐकवत होत्या तेव्हा डोक्यावरच्या गच्चीत तो माणूस थंडीत एकटा खोकत होता.

गरिमा रिकामी बादली उचलून निघाली. मंदाताईंनी नुसतं खोकावं की बोलावं? ती जिन्यापाशी पोचली तेव्हा कुठे त्यांनी हाक मारली.

"गरिमा, माझी पाठ शेकून देशील का गं?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे मागितलं होतं.

"हां, क्यों नहीं! आत्ता लेट होतंय, संध्याकाळी येते. पक्का."

संध्याकाळी साडेसहाला ती खरंच आली. मंदाताईंनी तवा तापवून ठेवला होता. आधी मनगटावर टेकव, मग पाठीवर, एका जागी ठेवू नकोस, असं सगळं सांगितलं. गरिमाचा हात कच्चा होता. पुरचुंडी कधी फार खाली जायची, कधी नुसती टेकायची. तरी मधोमध ऊब पोचली आणि मंदाताईंना खोल, मोकळा खोकला आला. तोंडावर पदर न घेता त्या पुरत्या खोकल्या. ओवा निवत आला तशी गरिमानं पुरचुंडी ताटलीत ठेवली आणि घड्याळ पाहिलं.

"बस, इतकंच? हे तर दहा मिनिटांचं काम आहे, आंटी."

"हो गं," मंदाताई म्हणाल्या. "दहाच मिनिटांचं."