मामेसासऱ्यांचे दगड

आकाशातून खाली येणाऱ्या प्रत्येक वस्तूची खबर परमेश्वराच्या पाठोपाठ सिरसाळ्यात माझ्या मामेसासऱ्यांना लागते. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. जीव मात्र सगळा अवकाशातल्या दगडांत. तेही भलेमोठे दगड नव्हेत. पृथ्वीवर पोहोचायच्या जेमतेम चार-सहा तास आधी दुर्बिणीला दिसतात आणि बहुतेक हवेतच जळून जातात, असे किरकोळ. मोबाईलवर तसली बातमी आली की मामा मोटार उघडी टाकून बाजारात निघतात. दगडाचं माप मीटरमध्ये सांगणं त्यांना मंजूर नाही. तो म्हशीएवढा तरी असतो, नाहीतर धान्याच्या कोठीएवढा. एका साखरपुड्यात त्यांनी माईकच हातात घेतला. "मंडळी, जेवणं उरका. पावणेचारला म्हशीएवढा येतोय!" मुलीचे वडील घाबरून उठले. "आणखी पाहुणे? कुणाकडचे?"

मामी म्हणायच्या, "दगडाला येळ हाय, सख्ख्या भावाला न्हाई." ते खरंच होतं. परळीतल्या धाकट्या भावाशी मामा नऊ वर्षं बोलत नव्हते. कारण काय, तर एका लग्नात त्यानं मामांच्या फेट्याला चारचौघांत वाकडा म्हटलं होतं. समेट करायला गेलेल्यांना मामा दगडांची माहिती देऊन परत पाठवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. सकाळीच बातमी आली. मामांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि बाजारात जाण्याऐवजी एक नंबर लावला. "मी बोलतोय. दगड येतोय. पाच घंटे राहिलेत. निघ." एवढं बोलून फोन ठेवला.

तासाभरात भाऊ मोटारसायकलवर हजर. वाटभर परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या ट्रकांमागून आल्यामुळे मिशा-भुवया पांढऱ्याफेक.

"दादा, कुठं पडणार हाय?"

"समुद्रात. लई लांब."

"मग मला कावून बोलावलं?"

मामांनी हातातला पाना पेटीत टाकला. मग एकदम डाफरले, "तो एवढ्या लांबून येतोय. तुला परळीहून यायला काय झालतं?"

भाऊ स्टुलावर बसला. मामांनी खांद्यावरचा रुमाल माठाच्या पाण्यात भिजवला आणि लहान लेकराचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसू लागले.

"म्हातारा झालास बे," ते म्हणाले.

"राख हाय, दादा."

मामा पुसत राहिले. राख सगळी निघाली, तरी भुवया पांढऱ्याच होत्या.