झाकण वरच पाहिजे

त्या दुकानदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला आणि मग माझ्याकडं पाठ करून माझ्या लेकाशी बोलायला लागला. तिथंच माझं टाळकं सरकलं. मशीन कपडे धुण्याची, घ्यायला आलेली मी, आणि ज्यानं जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही त्याला हा सांगतोय, "भैया, हिचा ड्रम बघा. हिची मोटर बघा." लेकही मान डोलावतोय, जसा काही रोज पहाटे उठून धुणं बडवतो.

मशीन कशाला हवी होती ते सांगते. वडवणीत आमच्या गल्लीला नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि येतो तो सकाळी. नळ आला की हौद, ड्रम, घागरी, होती नव्हती ती भांडी भरायची आणि त्याच वाहत्या पाण्यात साठलेलं सगळं धुणं काढायचं, म्हणजे हौदाला हात लागत नाही. ही सगळ्या गल्लीची रीत. आता माझी सून बीडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. सकाळच्या बसनं जाते. नळाच्या दिवशी तिची बस चुकायची, बस चुकली की खाडा. शेवटी तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं तर मी दुसरी मुलगी बघते."

सून घरी येऊन कपडे भिजवत बसली. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. माझी कंबर गेलेली, मला वाकता येत नाही. नाहीतर मीच धुतलं असतं, असं मी चारचौघांत म्हणते. खरं सांगू का, नसतं धुतलं. पुष्कळ धुतलंय.

रात्री जेवताना मी विषय काढला. मालक, म्हणजे माझे यजमान, एकेकाळचे पुढारी. खुर्ची जाऊन जमाना झाला, पण पांढरेशुभ्र कपडे रोज लागतात. ते म्हणाले, "सोडू दे की नोकरी. घरात काय कमी हाय?"

"तुमचे कपडे कमी हाईत का?" मी म्हणाले. "आधी ते सोडा."

लेक ठसकला. मालकांनी भाकरी अर्धी टाकली आणि उठले. पण दोन दिवसांनी सोयाबीनच्या पैशातले थोडे काढून दिले, आणि वर म्हणाले, "एवढ्यात बसंल तीच आणा."

ह्या पांढऱ्या कपड्यांचा राग मला आता येतो. तरुणपणी यायला पाहिजे होता, पण तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची येडी. माहेर माझं उमापूरचं, साधं शेतकऱ्याचं. लग्न होऊन पुढाऱ्याच्या घरात आले आणि मनाशी पक्कं केलं, की ह्यांच्या सदऱ्यासारखा पांढरा सदरा अख्ख्या तालुक्यात दिसता कामा नये. नदीवर माझा धोंडा वेगळा. दुसऱ्या कुणी त्याच्यावर कपडे आपटले की मी पदर खोचून भांडायचे. लोक बांधावरून भांडतात, ही बया धोंड्यावरून! साबुदाण्याची खळ, मोजून नीळ, सावलीत वाळवण, सगळा थाट. हे सभेत बोलायला उभे राहिले की मी भाषण ऐकायचे नाही, कॉलर बघायचे. एकदा कुणी तरी विचारलं, "साहेबांचे कपडे कुठल्या लाँड्रीत असतात?" तर ही महाराणी आठवडाभर भिजल्या गोधडीसारखी फुगलेली. वाटायचं, ह्यांची इज्जत माझ्या हातात आहे. हातात होती साबणाची वडी.

पुढं माझ्या भावानं मशीन देऊ केली, तर महाराणी फणकारली, "माझ्या हाताला काय धाड भरलीय?" आता भरलीय. बोटं सरळ होत नाहीत. ती पोरगी आज समोर आली तर कानाखाली वाजवीन.

तर दुकान. बीडला जाताना मी पोत्यात बांधून एक वाकळ नेली होती, जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली. घट बसायला थोडे दिवस राहिले होते आणि घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवून निघायला पाहिजे. मशीनचा खरा कस तिथं लागणार. लेक बसमध्ये माझ्यापासून लांब बसला. लाजत होता.

दुकानात त्याचं मन समोरून उघडणाऱ्या मशीनवर. गोल काचेचं दार, आत दिवा. त्याच्या कुठल्याशा दोस्ताकडं तशीच आहे.

"माय, हिला पाणी कमी लागतं," तो म्हणाला.

"कमी लागतं, पर येतं कुठनं?"

दुकानदाराला आता वळावं लागलं. "नळाला जोडायची, मावशी. फक्त प्रेशर पाहिजे."

"प्रेशर आमच्या घरात फक्त मालकांना हाय. गोळी चालू हाय त्याची. नळाला न्हाई."

"मग वरच्या टाकीला जोडा."

"टाकी रिकामी असली तर?"

"मग मशीन थांबणार."

"बादलीनं पाणी वतलं तर?"

तो हसला. "समोरच्या दारातून बादली कशी ओतणार मावशी? दार उघडलं की सगळं बाहेर."

"मंग झाकण वरच पाहिजे," मी म्हणाले. "उघडलं, वतलं, लावलं."

युसूफ वडगावची माझी जाऊ अशीच फसली. तिच्या मुलानं दारात काच बघून मशीन आणली, टाकी छताला टेकलेली, पाण्याला जोर नाही. मशीन सारखी टूं टूं करून पाणी मागायची. आता तिच्यात जाऊ ज्वारी ठेवते. उंदीर शिरत नाही म्हणते, तेवढीच हौस.

लेकानं शेवटचं हत्यार काढलं. "माय, ही फोनवरून चालू होती!"

"फोनवरून पाणी येतं का?"

मग मी उठले आणि दुकानदाराला एकेक विचारत सुटले. लाइट मधेच गेली तर आली की तिथनंच पुढं चालती का, का पुन्हा पहिल्यापासून पाणी पिती? खालनं उंदीर शिरून वायरी कुरतडल्या तर कोण भरून देणार? साबणाचं पाणी बाहेर फेकते ती नळी ड्रममध्ये सोडता येती का? कारण ते पाणी आम्ही फेकत नाही. पहिलं पाणी फरशीला, दुसरं संडासला. आणि सगळ्यात मोठं, बिघडली तर माणूस कुठनं येणार?

"कंपनीचा माणूस येतो, मावशी."

"कुठनं?"

"संभाजीनगरहून."

"आणि तवर कपडे कोण धुणार, तुमी?"

मला वडवणीत राहणारा माणूस पाहिजे होता. ज्याच्या घरी जाऊन मला ओरडता येईल. जिची दुरुस्ती वडवणीत होते अशी एकच कंपनी निघाली, मशीन साधी, चार बटणं, पाणी तापवायची भानगड नाही. आमच्या नळाच्या पाण्यानं बादलीला पांढरी पुटं चढतात, तापवायच्या कांडीचं काय होणार ते मला कळत होतं.

मग मी पोतं सोडलं. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. वाकळ कोंबून कोंबून बसवली, काठोकाठ.

"बसली," लेक म्हणाला. त्याला घरी जायची घाई.

दुकानदारानं वाकळ हातानं दाबून बघितली आणि पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोलला. "मावशी, हिच्यात घालू नका. ओली झाली की हिचं वजन मशीनला पेलणार नाही. दुकानातली कुठलीच मशीन हे ओझं घेणार नाही."

"मंग वाकळा कोण धुणार?"

"भैया धुतील की!"

सगळे हसले. मी हसले नाही. लेकाकडं बघत राहिले. तो बिल करायला गेला.

मशीन आली आणि आमच्या माणसांनी ती कुठं ठेवली? बैठकीत. सोफ्याच्या शेजारी. वर क्रोशाचं झाकण, त्यावर फुलदाणी. मालक म्हणाले, "घट बसले की चालू करू. आल्यागेल्याला दिसू दे जरा." त्याच आठवड्यात सकाळी नळ आला. मी मागं गेले तर सून बसला जायच्या साडीतच, पदर खोचून, हातानं कपडे भिजवत बसलेली. मशीन बैठकीत फुलदाणी मिरवतीय!

मी जे ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या नळाचं पाणी ओढायच्या मोटारींच्या आवाजावर माझा आवाज गेला. बापलेकांनी मशीन उचलून मागं हौदाजवळ आणली, खाली जाळीचं स्टँड, नळी ड्रममध्ये. सुनेनं कपडे आत टाकले, बटण दाबलं. ती तयारीला गेली तेवढ्यात बापलेक हजर. लेकाच्या हातात चादरी, एकदाच घातलेल्या दोन जीन्स. मालकांच्या हातात सदऱ्यांचा गठ्ठा, त्यातला एक घडीचा.

"हा तर धुतलेला हाय," मी म्हणाले.

"असू दे की. मशीनच धुणार हाय."

अख्खा जन्म मी हातानं धुतलं तेव्हा एक सदरा दोन दिवस चालायचा. आता मशीन धुणार म्हणून कपड्यांना पाय फुटले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गठ्ठा मी तसाच परत त्यांच्या अंगावर टाकला.

एवढ्यात मशीन थांबली. गल्लीतल्या सगळ्यांनी मोटारी लावलेल्या, नळाची धार करंगळीएवढी. साबणाचं पाणी फेकून मशीन खळबळायला पाणी मागत होती आणि ते येत नव्हतं. सून पर्स घेऊन दारात आलेली. आवाज ऐकून तिनं पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि हौदात बादली घातली. बसची वेळ झालेली.

मी तिच्या हातातली बादली काढून घेतली आणि मालकांच्या पुढं ठेवली. "वता."

"मी?"

"कपडे कुणाचे हाईत?"

लेक पुढं आला, "माय, मी टाकतो."

"तू तिला गाडीवर बसव आन् स्टँडवर सोड. हे वततील."

सून माझ्याकडं बघत तशीच उभी. "आत्याबाई, जाऊ ना?"

"अजून हितंच? पळ!"

गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मालकांनी पहिली बादली उचलली, निम्मी मशीनमध्ये आणि निम्मी स्वतःच्या पायजम्यावर. भिंतीवरून शेजारी डोकावला. "काय साहेब, मशीन बिघडली का?"

"न्हाई," मीच ओरडले. "मशीन चांगली हाय."

तिसऱ्या-चौथ्या बादलीला मशीन पुन्हा फिरायला लागली. लेक परत आला, म्हणाला, बस सुटताना सापडली, दारातच चढली ती. मालक ओल्या पायजम्यात हौदाच्या कठड्यावर टेकले. "गावली ना तिला बस? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं," मी म्हणाले. "आता मशीन आणखी एकदा पाणी मागंल. उठा, बसू नका."